हातचा कुठे गेला?

घरी आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या हातात हा कॅल्क्युलेटर द्यावा आणि म्हणावे, “दोन अधिक तीन करून दाखवा.” पाहुणा २ दाबतो, + दाबतो, ३ दाबतो आणि मग त्याचे बोट हवेत थांबते. ‘=’ चे बटण कुठेच नाही. पडद्यावर ५ नाही, नुसता ३ दिसतो. “बिघडलाय वाटतं,” असे म्हणून तो यंत्र परत करतो. यंत्र बिघडलेले नसते. त्याची हिशेब करण्याची रीतच वेगळी असते.

हा कॅल्क्युलेटर म्हणजे एचपी-१६सी. अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने तो १९८२ मध्ये खास संगणक प्रोग्रॅमरसाठी बाजारात आणला आणि १९८९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. खिशात मावणारा, आडवा, बटणाएवढ्या तीन सेलवर वर्षानुवर्षे चालणारा. उत्पादन बंद होऊन तीन दशके उलटली, तरी त्याचे चाहते टिकून आहेत. त्याची हुबेहूब नक्कल करणारी ॲप फोनवर मिळतात आणि नव्याने बनवलेल्या प्रतिकृतीही विकल्या जातात.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारेल. कारण असे की हे यंत्र शिकताना दोन सवयी लागतात. उत्तरापर्यंत जाताना मधला प्रत्येक आकडा डोळ्यांखालून घालायचा, ही पहिली. आकडा ज्या भांड्यात ठेवला आहे ते भांडे केवढे, हे विचारायचे, ही दुसरी. औषधाच्या मात्रेपासून कर्करोगाच्या यंत्रापर्यंत जिथे जिथे आकड्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तिथे या दोन सवयी उपयोगी पडतात. त्या नसल्या की काय होते, याचे एक दुःखद उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्याकडे पुढे वळू. आधी यंत्र समजून घेऊ.

बाहत्तरचा बीएमआय

वजन ७२ किलो, उंची १.६५ मीटर. बीएमआय काढायचा, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे. साध्या कॅल्क्युलेटरवर बरेच जण ७२ ÷ १.६५ × १.६५ = असे दाबतात. उत्तर येते ७२, किंवा फार तर ७१.९९९९. यंत्राने आधी भागले, मग त्याच आकड्याने गुणले आणि गाडी होती तिथेच परत आली. खरे उत्तर आहे २६.४५.

शाळेत आपण ‘कंचेभागुबेव’ घोकलेले असते. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पण हा नियम कोणते यंत्र पाळते आणि कोणते नाही, हे यंत्राकडे पाहून कळत नाही. दुकानदाराच्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ केले तर २० येतात. फोनमधल्या किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तेच केले तर १४. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबरच असतात. चूक होते ती नियम गृहीत धरणाऱ्या माणसाची.

बीएमआय ७२ आला तर कोणीही चमकून पाहील. पण औषधाच्या मात्रेत ४.५ ऐवजी ७.५ आले तर? तो आकडा अंगावर येत नाही, मुकाट्याने कागदावर उतरतो.

पोळ्यांची चवड

कंसांच्या या कटकटीतून सुटण्याची वाट एका तर्कशास्त्रज्ञाने दाखवली. पोलंडच्या यान वुकाशेविच यांनी १९२४ च्या सुमारास चिन्हे लिहिण्याची अशी पद्धत सुचवली, की कंसांची गरजच उरू नये. त्यांनी क्रियेचे चिन्ह आकड्यांच्या आधी लिहिले. पुढे संगणकशास्त्रज्ञांनी तेच उलटे केले. आधी आकडे, शेवटी क्रिया. त्यामुळे नाव पडले ‘रिव्हर्स पोलिश नोटेशन’, थोडक्यात आरपीएन. १९७२ मध्ये आलेला एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर याच पद्धतीचा होता. एचपी-१६सी त्याच घराण्यातला.

या पद्धतीचा पाया म्हणजे ‘स्टॅक’. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, चवड. तव्यावरून उतरलेली पोळी आधीच्या पोळीवर ठेवली जाते आणि वाढताना सर्वांत वरची पोळी आधी उचलली जाते. शेवटी आलेली पहिली जाते. कॅल्क्युलेटरच्या पोटात आकड्यांची अशीच चवड असते. फरक इतकाच, की तीत चारच आकडे मावतात. सर्वांत वरचा आकडा पडद्यावर दिसतो. ‘+’ दाबले की वरचे दोन आकडे उचलले जातात, त्यांची बेरीज होते आणि उत्तराची एकच पोळी परत वर ठेवली जाते.

म्हणून २ अधिक ३ असे करायचे: २, एंटर, ३, +. ‘एंटर’ म्हणजे ‘हा आकडा संपला, चवडीवर ठेव, आता दुसरा येतोय’. ‘+’ दाबताक्षणी ५ दिसतात. ‘=’ लागतच नाही, कारण क्रिया सांगितली की उत्तर आलेलेच असते.

आता बीएमआय: ७२, एंटर, १.६५, एंटर, ×, ÷. दुसरे ‘एंटर’ इथे एक छान काम करते. ते १.६५ ची आणखी एक प्रत चवडीवर ठेवते. ‘×’ ने त्या दोन प्रतींचा गुणाकार होतो आणि पडद्यावर २.७२ दिसतात. हा उंचीचा वर्ग. खाली ७२ वाट पाहत थांबलेलेच असतात. ‘÷’ दाबले की २६.४५. कंस एकही नाही, कंचेभागुबेवही नाही. कोणती क्रिया आधी, हे यंत्र ठरवत नाही, वापरणारा ठरवतो.

मराठी वाक्याची चाल

ही रीत उफराटी वाटते, पण मराठी माणसाच्या कानाला ती अनोळखी नसावी. शाळेतले गुरुजी कसे सांगत? “तीनात चार मिळवा.” “दहातून तीन वजा करा.” आधी आकडे, शेवटी क्रियापद. बीएमआयचे वाक्य म्हणून पाहा: “बाहत्तरला, एक पॉइंट पासष्टच्या, वर्गाने, भागा.” बटणेही याच क्रमाने दाबली जातात. पाटीवरच्या बेरजेतही आपण आकडे एकाखाली एक मांडतो आणि मगच बेरीज करू लागतो.

वहीत लिहिताना मात्र चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये येते आणि आपली बोटे त्याच क्रमाला सरावलेली असतात. त्यामुळे शिकताना तोंडाने मराठीत म्हणत जावे आणि बोटांनी त्या वाक्यामागे चालावे. ‘क्रियापद आले की बटण’ एवढे धरून ठेवले, तरी पहिला दिवस सोपा जातो.

चुकायचा आठवडा

पहिले काही दिवस मात्र चुका होतातच, आणि त्या ठरावीक असतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या आकड्यानंतरही एंटर दाबणे. ३, एंटर, ४, एंटर, + असे केले की ७ ऐवजी ८ येतात, कारण एंटरने ४ ची दुसरी प्रत केली आणि बेरीज चार अधिक चारची झाली. दुसरी चूक वजाबाकी-भागाकारात क्रम उलटा होण्याची. त्यासाठी वरचे दोन आकडे अदलाबदल करणारे बटण आहे. तिसरी चूक चवड ओसंडण्याची. पाचवा आकडा चढवला की सर्वांत तळचा आकडा गुपचूप नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे मोठे गणित सर्वांत आतल्या कंसापासून सोडवत बाहेर येणे. (३ + ४) × (५ + ६) हे गणित ३, एंटर, ४, +, ५, एंटर, ६, +, × असे केले, तर चवडीवर एका वेळी तीनपेक्षा जास्त आकडे कधीच साठत नाहीत आणि ७७ हे उत्तर मिळते.

या चुका मठ्ठपणाच्या नसतात. पुन्हा पुन्हा केलेली कृती मेंदू जाणीवपूर्वक विचाराच्या कक्षेतून काढून सवयीच्या यंत्रणेकडे सोपवतो. मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांचा त्यात मोठा वाटा असतो. सायकल चालवताना पायडलचा विचार करावा लागत नाही, तो यामुळेच. पण जुनी सवय नव्या कामाच्या आड येते, तेव्हा हीच सोय अडचण ठरते. बोट आपोआप ‘=’ शोधत राहते.

रुग्णालयात हा अनुभव रोजचा आहे. वॉर्डात सिरिंज पंपाचे नवे मॉडेल येते, बटणांच्या जागा बदललेल्या असतात. अनुभवी सिस्टरचे बोट घाईच्या क्षणी जुन्या जागेकडे जाते. तिचे ज्ञान कमी झालेले नसते. उलट जुन्या यंत्रावर तिचा हात पक्का बसलेला असतो, म्हणूनच असे घडते. नवे यंत्र रुग्णाला जोडण्यापूर्वी त्यावर निवांतपणी सराव हवा, असा आग्रह धरला जातो तो यासाठी. आरपीएन शिकताना येणारी चिडचीड हे त्याच प्रक्रियेचे एक निरुपद्रवी रूप आहे. रोज दहा-पंधरा मिनिटे दिली, तर ती हळूहळू ओसरते.

एक खुलासा इथेच केलेला बरा. नवे यंत्र शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. सरावाने ज्या कामाचा सराव केला ते काम सुधारते. त्याचा फायदा दुसऱ्या कामांत पसरतो तो बेताचाच. इथे मिळणारी गोष्ट साधी पण ठोस आहे. ती म्हणजे हिशेब करण्याची काळजीपूर्वक रीत.

डोक्यातली जागा

हातातले काम चालू असताना आकडे, शब्द तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्मृतीला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. तिची जागा फार थोडी असते. १९५६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ती सातच्या आसपास असल्याचे मांडले. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती साधारण चार गोष्टींइतकीच असल्याचे दाखवले. एचपीच्या चवडीतही चारच जागा आहेत, हा निव्वळ योगायोग. मात्र यंत्राच्या चार जागांना फोन वाजल्याने, नातेवाइकाने हाक मारल्याने धक्का लागत नाही. डोक्यातल्या जागा एका हाकेने रिकाम्या होतात.

अतिदक्षता विभागातले एक नेहमीचे गणित पाहू. रुग्णाचे वजन ६० किलो. डोपामिन हे औषध दर किलोमागे दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४००० मायक्रोग्रॅम. पंप तासाला किती मिलिलिटरवर लावायचा?

५, एंटर, ६०, ×. पडद्यावर ३००. हे मिनिटाचे मायक्रोग्रॅम. मग ६०, ×. पडद्यावर १८०००, हे तासाचे. मग ४०००, ÷. उत्तर ४.५ मिलिलिटर. तीन पायऱ्या, तीन आकडे आणि प्रत्येकाला अर्थ आहे. तासाचे गुणायचे राहिले तर ०.०७५ असा चिमुकला आकडा येतो. मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅमचे ४ घातले तर ४५०० मिलिलिटर येतात, म्हणजे नऊ सलाइनच्या बाटल्या एका तासात. मधल्या पायऱ्या पाहण्याची सवय असलेल्याच्या नजरेत हे तिथेच खटकते. सगळे गणित एका लांब ओळीत टाकून शेवटी ‘=’ दाबणाऱ्याला चूक कुठे झाली, हे शोधत बसावे लागते, आणि तेही उत्तर संशयास्पद वाटले तरच.

अर्थात, वॉर्डात आरपीएन कॅल्क्युलेटर आणा, असा याचा अर्थ नाही. तिथे छापील तक्ते, पंपातल्या ठरावीक मर्यादा आणि दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे केलेली पडताळणी हेच खरे रक्षण. पण त्या पडताळणीचे मर्मही तेच आहे. दुसऱ्याने नुसते उत्तर पाहून मान डोलवायची नाही, मधले आकडे स्वतः काढून पाहायचे.

भांडे केवढे?

आतापर्यंतचे सगळे एचपीच्या कुठल्याही स्टॅकच्या कॅल्क्युलेटरवर होते. एचपी-१६सीची खासियत पुढे आहे. संगणकाला दोनच अंक कळतात, ० आणि १. अशा एका अंकाच्या जागेला बिट म्हणतात, आठ बिटांचा एक बाइट. दहा बोटांमुळे आपण दशमान झालो, संगणक द्विमान. १६सीवर २५५ टाकून ‘बीआयएन’ दाबले की तोच आकडा ११११११११ असा दिसतो. ‘एचईएक्स’ दाबले की एफएफ, कारण सोळाच्या पद्धतीत ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे अंकांचे काम करतात. आकडा एकच, पोशाख तीन.

खरा धडा ‘वर्ड साइज’ या बटणात आहे. आकडा किती बिटांच्या भांड्यात ठेवायचा, हे तिथे ठरते. १ पासून ६४ पर्यंत काहीही. सुरुवातीला भांडे १६ बिटांचे असते. ते ८ करा, ऋण संख्या नसलेली ‘अनसाइन्ड’ रीत निवडा आणि २५५, एंटर, १, + दाबा. उत्तर येते शून्य.

मराठी शाळेत शिकलेल्याला याचे कारण एका शब्दात सांगता येते, हातचा. ९९ मध्ये १ मिळवताना दोनदा हातचा एक येतो आणि शतकाच्या घरात जाऊन बसतो. आठ बिटांच्या भांड्यात ११११११११ मध्ये १ मिळवला, तर प्रत्येक घरात शून्य होत हातचा डावीकडे सरकतो आणि शेवटी त्याला बसायला नववे घरच नसते. तो भांड्याबाहेर सांडतो. आत उरतात आठ शून्ये.

१६सीचे मोठेपण असे, की तो हे लपवत नाही. हातचा सांडला की पडद्यावर ‘सी’ हे अक्षर उमटते आणि उत्तर भांड्यात मावले नाही म्हणून ‘जी’. शून्य दिसते खरे, पण शेजारी इशारा असतो. पूर्णांकांच्या भागाकारात बाकी उरली, तरीही ‘सी’ उमटते. टाकून दिलेल्या गोष्टीची नोंद हे यंत्र ठेवते.

दुसरा धडा ऋण संख्यांचा. ऋण संख्या मांडण्याच्या ‘टूज कॉम्प्लिमेंट’ या रीतीत तेच ११११११११ म्हणजे २५५ नव्हे, तर उणे १. बिटे तीच, अर्थ ठरतो आपण कोणता करार मान्य केला आहे त्यावरून. परदेशी मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांना हा धडा दवाखान्यात मिळतो. तिथल्या रिपोर्टवर साखर ‘७’ लिहिलेली पाहून पोटात गोळा येतो. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात आणि तिथले ७ म्हणजे आपल्याकडचे १२६ मिलिग्रॅम. एककाशिवाय रिपोर्टमधल्या आकड्याला अर्थ नसतो, तसा करार माहीत नसेल तर बिटांनाही नसतो.

वैद्यकीय यंत्रे या भांड्यांनी भरलेली आहेत. सीटी स्कॅनच्या चित्रातला प्रत्येक ठिपका पुष्कळदा १२ बिटांच्या भांड्यात असतो, म्हणजे त्याला ४०९६ पायऱ्या. पाण्याला ०, हवेला उणे १००० आणि वरची मर्यादा ३०७१. शरीरात धातूचा सांधा असला की त्याचा आकडा या मर्यादेपलीकडे जातो आणि सरसकट ३०७१ वर कापला जातो.

हातचा हरवला तेव्हा

आता ते दुःखद उदाहरण. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार, बोलीत ज्याला ‘शेक’ म्हणतात, तो देणारे यंत्र होते. कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने बनवलेली अशी ११ यंत्रे अमेरिका आणि कॅनडात बसवली होती. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यांच्याकडून सहा रुग्णांना प्रचंड मात्रेत किरण बसले. काही जण दगावले, काही कायमचे जायबंदी झाले. संगणकशास्त्रज्ञ नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांची बारकाईने केलेली चिकित्सा आजही अभियंत्यांना शिकवली जाते.

सहावा अपघात जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी झाला. रुग्णाला एकूण ८६ रॅड द्यायचे होते. त्यातले ७ रॅड आधी फोटो घेऊन जागा तपासण्यासाठी दिले गेले. मग मुख्य उपचार सुरू झाला आणि काही सेकंदांत यंत्र थांबले. पडद्यावर दिलेली मात्रा तेवढीच, ७ रॅड दिसत होती. प्रत्यक्षात त्या माणसाला ८,००० ते १०,००० रॅड बसले असावेत, असा अंदाज नंतर बांधला गेला. म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या सुमारे शंभरपट. एप्रिलमध्ये तो रुग्ण गेला.

झाले होते काय? किरण सोडण्यापूर्वी यंत्राचे भाग योग्य जागी आहेत का, हे प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासत असे. ‘तपासणी बाकी आहे’ हे लक्षात ठेवण्यासाठी एका बाइटमध्ये खूण ठेवली होती. शून्य म्हणजे तपासायची गरज नाही, शून्याखेरीज काहीही म्हणजे तपासा. प्रोग्रॅमरने तिथे दर फेरीला ठरावीक आकडा लिहायला हवा होता. त्याऐवजी दर फेरीला त्यात १ मिळवला जात होता. १, २, ३ असे करत २५५ पर्यंत सारे ठीक. २५६ व्या फेरीला हातचा भांड्याबाहेर सांडला, बाइटमध्ये शून्य उरले आणि यंत्राने ते ‘तपासायची गरज नाही’ असे वाचले. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरचे बोट ‘सेट’ बटणावर पडले. किरणांच्या वाटेतला भाग तेव्हा रुग्णाची स्थिती जुळवण्यासाठी दिवा दाखवण्याच्या जागी होता. तपासणी झालीच नाही आणि किरण गाळल्यावाचून अंगावर पडले.

आधीच्या थेरॅक-२० या मॉडेलमध्ये अशा वेळी किरण रोखणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे होती. नव्या मॉडेलमध्ये ती काढून टाकून सारा भरवसा प्रोग्रॅमवर ठेवला गेला होता. चूक दाखवणारे संदेशही दुर्बोध असत, ‘मालफंक्शन ५४’ अशा धाटणीचे, आणि ते इतक्या वेळा येत की पुढे जाण्याचे बटण दाबायची ऑपरेटरना सवय झाली होती. प्रोग्रॅममधली दुरुस्ती मात्र एवढीशी होती. १ मिळवायचा नाही, ठरावीक आकडा लिहायचा.

खिशातल्या एका कॅल्क्युलेटरवर ही चूक दहा सेकंदांत डोळ्यांना दिसते. भांडे ८, आकडा २५५, अधिक १, उत्तर शून्य, शेजारी ‘सी’. कॅल्क्युलेटरने हातच्याची नोंद ठेवली. त्या यंत्राचा प्रोग्रॅम ती नोंद विचारतच नव्हता.

भीती नको, चौकशी हवी

हे वाचून किरणोपचार घेणाऱ्या कोणी घाबरू नये. आजच्या यंत्रांत किरण थांबवणाऱ्या एकापेक्षा अधिक स्वतंत्र यंत्रणा असतात. वैद्यकीय उपकरणांच्या प्रोग्रॅमसाठी २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्या देशात अशी यंत्रे मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय चालवता येत नाहीत आणि मात्रेची मोजणी-पडताळणी करणारे भौतिकशास्त्रज्ञ विभागात असावे लागतात. ठरलेले उपचार भीतीने टाळले तर नुकसान रुग्णाचेच होते.

मात्र उपचार चालू असताना वेगळे काही जाणवले, भाजल्यासारखे वाटले, झटका बसला, तर रुग्णाने ते लगेच सांगावे आणि ऐकणाऱ्याने ‘पडद्यावर सगळे ठीक आहे’ म्हणून ते झटकू नये. थेरॅकच्या रुग्णांनी सांगितले होते. पडद्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना ते खरे वाटले नाही.

शिकायला बसताना

फोनवर १६सीची नक्कल करणारे ॲप घ्या आणि आठवडाभर रोज पंधरा मिनिटे द्या.

पहिले दोन दिवस फक्त साधी गणिते. मराठीत वाक्य म्हणा, क्रियापद आले की बटण दाबा. दशांश अपूर्णांकांसाठी आधी ‘फ्लोट’ निवडा, नाहीतर यंत्र पूर्णांकांतच बोलते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंसांची गणिते, आतून बाहेर. घरातल्या सगळ्यांचा बीएमआय काढा. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलपणा धरतात. प्रत्येक मधला आकडा मोठ्याने वाचा.

पाचव्या दिवशी एकच आकडा दशमान, द्विमान आणि सोळाच्या पद्धतीत पाहा.

सहाव्या दिवशी भांडे १२ बिटांचे करा, ‘अनसाइन्ड’ निवडा, ० टाकून ‘नॉट’ दाबा. सगळी शून्ये उलटून ४०९५ येतात. शून्य धरून मोजल्या तर सीटी स्कॅनच्या ४०९६ पायऱ्या त्या याच.

सातव्या दिवशी भांडे ८ करून २५५ मध्ये १ मिळवा. शून्य आले की शेजारचे अक्षर पाहा. पुढच्या वेळी औषधाचा, रिपोर्टचा किंवा बिलाचा आकडा हातात येईल, तेव्हा तो जसाच्या तसा घेण्याआधी विचारा, हा आला कसा आणि याचा हातचा कुठे गेला?